अकोट-खंडवा मीटरगेजची जुनी टोपोशीट

शाळेच्या भूगोलात ज्याला स्थलनिर्देशक नकाशा म्हणायचे तीच टोपोशीट, काढणारा भारतीय सर्वेक्षण विभाग, स्थापना १७६७. वऱ्हाडातला बराच भाग ५५ नंबरच्या मालिकेत येतो. अकोट शहर ५५ जी मध्ये, तिथून खंडव्याची मीटरगेज (रुळांमधे एक मीटर अंतर असलेली) गाडी हिवरखेडकडे पश्चिमेला सरकली की ५५ सी चालू होते आणि वान रोड, धूळघाट करत लाईन सातपुड्यात शिरते.

या शीटची खरी मजा तपकिरी रेषांत आहे, म्हणजे कंटूर, समोच्च रेषा. १:५०,००० च्या शीटवर दोन रेषांमधे २० मीटरची उंची असते. आता गाडीला समजा शंभर मीटरला एक मीटर एवढाच चढ झेपतो असं धरलं, तर एक कंटूर वर जायला दोन किलोमीटर रूळ पाहिजे, म्हणजे नकाशावर चार सेंटीमीटर. आणि धूळघाटाजवळ तर या रेषा केसांसारख्या एकमेकींना चिकटलेल्या, मग रूळ सरळ जाणार कुठून? म्हणून तिथं लाईन गोल फिरून स्वतःच्याच डोक्यावरून जाते. गाडीत बसून हा फेरा नीट कळत नव्हता, शीटवर रेल्वेच्या काळ्या रेघेवर बोट फिरवलं की लगेच कळतो.

दुसरी बघायची गोष्ट नाले. वर्षभर पाणी असलेलं निळं, कोरडं काळं, हा साधा नियम. सातपुड्याच्या या उतारावर काळ्याच रेषा जास्त, मधेच कुठं निळा ठिपका दिसला तर तिथं पाणी टिकतं समजायचं. उन्हाळ्यात मेळघाटात फिरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

उंचीचे आकडे ज्या त्रिकोणमितीय मोजणीतून आले ती सुरू करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ ला आपल्या हिंगणघाटलाच वारले, हे इकडच्या पोरांना शाळेत सांगायलाच पाहिजे.

२०१७ पासून मीटरगेज बंद आहे. अकोल्याहून अकोटपर्यंत ब्रॉडगेज झालं, पण पुढची लाईन मेळघाट व्याघ्र प्रकल्प टाळून बाहेरून न्यायचं ठरलं, आणि ते बरोबरच आहे असं मला वाटते, जंगल परत मिळत नाही. पण त्यामुळे धूळघाटाचा फेरा नवीन नकाशांवर चालू रेल्वे म्हणून दिसणार नाही, आणि जुन्या शीटवर वारी गावाजवळचं धरण नाही, वान नदी तिथं नुसती वळत वळत खाली येते. कोणाच्या घरी कापडावर चिकटवलेली अशी शीट असेल तर घडी मोडून गुंडाळून ठेवा, घडीच्या रेषेवरच पहिले कागद फाटतो.