क्लाउडमधील चित्रफाइलींचे वितरण

क्लाउडवर चालणाऱ्या वेब-अनुप्रयोगाने साठवलेली छायाचित्रे, आरेखने व तत्सम फाइली ब्राउझरच्या मागणीनुसार पोहोचवण्याच्या व्यवस्थेला चित्रफाइलींचे वितरण म्हणतात. कोकण किनारपट्टीवर हापूस-विक्रीची, घरगुती निवासाची व सहलींची संकेतस्थळे ती वापरतात. येथे रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कातळशिल्पांच्या (जांभ्या खडकावर कोरलेल्या आकृतींच्या) छायाचित्रसंग्रहाचे उदाहरण घेतले आहे, कारण वितरणाचे बहुतेक प्रश्न त्यात एकत्र येतात.

स्वतःच्या सर्व्हरवर छायाचित्रांसाठी एक फोल्डर पुरतो. क्लाउडवर मात्र अनुप्रयोगाच्या प्रती मागणीप्रमाणे वाढतात व कमी होतात आणि त्यांची डिस्क पुष्कळदा तात्पुरती असते. अनुप्रयोग चालवून देणाऱ्या हेरोकूसारख्या सेवेत प्रत्येक प्रत दिवसातून किमान एकदा नव्याने सुरू होते व तिच्या डिस्कवर लिहिलेले पुसले जाते. त्यामुळे अनुप्रयोग व फाइली वेगळ्या ठेवणे हा या रचनेचा पाया ठरतो. फाइल कायम साठ्यात राहते आणि डेटाबेसमध्ये तिचे केवळ नाव व वर्णन असते. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये सुरू केलेली एस-थ्री ही अशा साठ्याची आरंभीची प्रमुख सेवा होय.

फाइल डेटाबेसमध्येच ठेवण्याचा पर्याय जुना आहे. तशा फाइलीला ‘ब्लॉब’ म्हणतात. या संज्ञेच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. ती ‘बायनरी लार्ज ऑब्जेक्ट’ या शब्दांची आद्याक्षरे असल्याचे पाठ्यपुस्तके सांगतात, तर काही ठिकाणी पहिला शब्द ‘बेसिक’ असाही आढळतो. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम केलेले जिम स्टार्की यांनी मात्र हा शब्द आपण रूढ केल्याचे, तो १९५८ च्या एका चित्रपटातील आकारहीन प्राण्यावरून घेतल्याचे व विस्तार मागाहून जोडले गेल्याचे सांगितले आहे. एकाच शब्दाचे दोन विस्तार प्रचलित असणे या कथनाला पूरक असल्याने ते अधिक ग्राह्य वाटते. वापराचा आरंभ बहुधा १९८० च्या आसपासचा असावा. साठवणीच्या प्रश्नावर मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००६ मध्ये केलेल्या तुलनेत २५६ किलोबाइटपेक्षा लहान वस्तू डेटाबेसला आणि १ मेगाबाइटपेक्षा मोठ्या वस्तू फाइल-प्रणालीला अधिक मानवल्या. आजच्या मोबाइलचे छायाचित्र सामान्यतः दुसऱ्या गटात मोडते.

वितरणाच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत अनुप्रयोग फाइल स्वतः वाचून पाठवतो; ती सोपी असली तरी प्रत्येक चित्रामागे त्याची एक प्रक्रिया अडकून पडते. दुसरीत अनुप्रयोग परवानगी तपासून ठराविक मुदतीचा स्वाक्षरीयुक्त (परवानगीची कूट खूण जोडलेला) पत्ता देतो व ब्राउझर फाइल थेट साठ्यातून घेतो. मोठ्या संग्रहाला दुसरीच योग्य होय. फाइल चढवताना तिचा प्रकार नोंदवला नाही, तर एस-थ्री तिला सर्वसाधारण बायनरी समजते आणि पत्ता थेट उघडल्यास चित्र दिसण्याऐवजी फाइल उतरू लागते.

अंतराचाही परिणाम होतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील साठा रत्नागिरीपासून सुमारे १३,००० किमी. दूर आहे, केबलमधील काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी. जातो, म्हणजे केवळ जाण्या-येण्यास १३० मिलिसेकंद लागतात. ॲमेझॉनने २०१६ मध्ये व गूगलने २०१७ मध्ये मुंबईत केंद्रे उघडल्यावर हे अंतर टळले. तरी नेटवर्क क्षीण असलेल्या सड्यावर (कोकणातील कातळी पठारावर) फाइलीचा आकारच निर्णायक ठरतो. कशेळी येथील हत्तीची आकृती सुमारे १८ मी. × १३ मी. आहे, तिचे उंचावरून घेतलेले मूळ छायाचित्र जपून ठेवावे आणि पडद्यासाठी लहान प्रती आधीच तयार कराव्यात.

मूळ छायाचित्रात एक्झिफ नोंदी (कॅमेऱ्याने फाइलीत आपोआप लिहिलेली माहिती) असतात व त्यांत अक्षांश-रेखांशही असू शकतात. कशेळी, बारसू, कुडोपी आदी स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. परंतु अनेक कातळशिल्पे आजही उघड्या जांभ्यावर संरक्षणाविना आहेत आणि चिरेखाणींचा त्यांना धोका आहे. अशा स्थळांच्या सार्वजनिक प्रतींतून या नोंदी काढून टाकणे आवश्यक आहे. मूळ फाइल बंद साठ्यात ठेवून अभ्यासकांना ती मुदतीच्या पत्त्यानेच द्यावी.