खोली बदलली की मॉर्फिनचा असर बदलतो

कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं की घरचे घाबरून विचारतात, "याची सवय नाही ना लागणार?" या प्रश्नात दोन गोष्टींची गल्लत होते. औषधाची अनावर ओढ लागणं हे व्यसन. तोच डोस पूर्वीसारखा लागू न पडणं हा टॉलरन्स. हा टॉलरन्स किती झपाट्याने येतो, ते प्रयोगशाळेतल्या उंदरांत नीट मोजता येतं.

उंदराच्या शेपटीवर उष्ण प्रकाशझोत टाकतात आणि तो किती सेकंदांत शेपूट झटकतो ते पाहतात. मॉर्फिन दिलं की हा वेळ वाढतो. पण शिरेतून मॉर्फिन सतत सोडत ठेवलं, तर काही तासांतच असर ओसरू लागतो. लहान उंदराच्या कातडीखाली ७५ मिलिग्रॅमची गोळी बसवली, तर ३ दिवसांत पक्का टॉलरन्स येतो.

पेशीत काय घडतं? मॉर्फिन पेशीवरच्या म्यू रिसेप्टर या प्रथिनाला चिकटतं, आत संदेश पोहोचवणारं जी-प्रोटीन कामाला लागतं, सायक्लिक एएमपी हे संदेशवाहक रसायन घटतं. मग किनेज नावाचं एन्झाइम रिसेप्टरला फॉस्फेट जोडतं, त्यावर बीटा-अरेस्टिन-२ हे प्रथिन येऊन बसतं आणि संदेश मंदावतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या अरेस्टिनचं जनुक काढलेल्या उंदरांत वेदनाशमनाचा टॉलरन्स आला नाही, शारीरिक अवलंबित्व (औषध थांबलं की शरीराला त्रास होणं) मात्र आलं.

पण सगळं रिसेप्टरवरच ठरत असतं, तर खोली बदलल्याने काहीच फरक पडला नसता. आणि तो पडतो! कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या शेपर्ड सीगल यांनी हे १९७५ साली दाखवलं. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटायची, हे आपण शाळेत शिकलोय. इथे घंटेच्या जागी खोली असते. मॉर्फिन नेहमी एकाच खोलीत मिळालं की ती खोली दिसताच उंदराचं शरीर उलट्या दिशेने तयारी करतं: वेदनेची जाणीव आधीच तीव्र करून ठेवतं. औषध येतं ते या तयारीवर, म्हणून फिकं पडतं. अनोळखी जागी ही तयारी नसते आणि तोच डोस पुन्हा जोरात लागतो.

१९८२ साली सीगल आणि सहकाऱ्यांनी हेच हेरॉइनवर तपासलं. काही उंदरांना महिनाभर वाढते डोस दिले आणि शेवटी सगळ्यांना एक मोठा डोस. ज्यांना हेरॉइन पूर्वी कधीच मिळालं नव्हतं, त्यांपैकी सुमारे ९६ टक्के मेले. सरावलेल्यांपैकी नेहमीच्या खोलीत सुमारे ३२ टक्के, तर वेगळ्या खोलीत सुमारे ६४ टक्के. औषध तेच, डोस तोच.

 

मेंदू जे असं शिकलाय, ते पुसण्याचा एक मार्ग सीगल यांच्या उंदरांतच दिसला. त्याच खोलीत वारंवार नुसत्या मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलं, तेव्हा टॉलरन्स ओसरला. पुढे १९९१ साली ट्रुहियो आणि अकिल यांनी उंदरांना मॉर्फिनसोबत एमके-८०१ हे रसायन दिलं. शिकण्या-लक्षात ठेवण्यात ज्यांचा मोठा वाटा असतो, ते एनएमडीए रिसेप्टर ते बंद करतं. मॉर्फिनचं वेदनाशमन टिकून राहिलं. टॉलरन्स रोखला गेला.