खचदरीखाली लाव्हाचा समुद्र नाही

पूर्व आफ्रिकेच्या महाखचदरीखाली वितळलेल्या खडकाचा अथांग समुद्र असून त्यावर तरंगणारे खंड दुभंगत आहे, हा समज पृथ्वीच्या अंतरंगाच्या लालभडक चित्रांमुळे वर्षानुवर्षे टिकून आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याचा पुरावा भूकंपाच्या लहरींनीच दिला आहे.

दुय्यम भूकंपलहरी खडकाला आडवे हलवत पुढे सरकतात. द्रवाला आकार टिकवण्याचा ताठपणा नसल्याने त्या द्रवातून जाऊच शकत नाहीत. तरीही हजारो किलोमीटर दूरच्या भूकंपाच्या या लहरी इथिओपियातील भूकंपमापकांवर नोंदल्या जातात, फक्त अपेक्षेपेक्षा काही सेकंद उशिरा. हा उशीर मला सर्वांत बोलका वाटतो: लहर पोहोचली, म्हणजे वाटेतले प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधला खडकाचा जाड थर, घन आहे, रेंगाळली, म्हणजे ते विलक्षण तापलेले असून खनिजकणांच्या सांध्यांत थोडा वितळलेला अंश आहे. हे वितळणेही वर सरकणाऱ्या तप्त खडकावरचा दाब घटल्यामुळे घडते.

अनेक केंद्रांवरचे असे उशीर एकत्र मांडून, सीटी स्कॅनसारखेच, खोलवरचे चित्र उभे करतात. त्यात दक्षिण आफ्रिकेखाली, गाभ्याच्या सीमेपासून, लहरींना मंदावणारा एक प्रचंड भाग ईशान्येकडे कलत वर येताना दिसतो. तोही घनच आहे आणि वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या संथ गतीने वाहतो. द्रवरूप बाह्य गाभा सुरू होतो तो सुमारे २९०० किलोमीटर खोलीवर.