पेजर झोपतो म्हणून टिकतो

सप्टेंबर २०२४मध्ये लेबनॉनमध्ये पेजरचे, म्हणजे रेडिओवरून येणारे छोटे निरोप दाखवणाऱ्या खिशातल्या यंत्रांचे, स्फोट झाले आणि आपल्याकडे फॉरवर्ड फिरू लागले, की लांबून सिग्नल सोडून कुठलीही बॅटरी उडवता येते. साफ चूक. त्या पेजरांत स्फोटकं आधीच दडवलेली होती, सिग्नलने फक्त खटका दाबला. रेडिओलहरींतून पेजरपर्यंत पोचणारी ऊर्जा इतकी क्षीण असते, की तिने बॅटरी कोमटसुद्धा होणार नाही.

मला बऱ्याच जणांनी विचारलं, पेजर अजून वापरतं कोण? डॉक्टर वापरतात. १९५०मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश हॉस्पिटलमध्ये पेजर आला तोही डॉक्टरांसाठीच. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये २०१९ साली सुमारे १,३०,००० पेजर होते आणि ते २०२१अखेर हद्दपार करा, असा आदेश आरोग्यमंत्री मॅट हॅन्कॉक यांनी काढला होता. तिथल्याच एका रुग्णालयात काम करणाऱ्या माझ्या भाचीच्या कमरेला तो आजही आहे. ती त्याला ‘ब्लीप’ म्हणते.

एका साध्या सेलवर पेजर कित्येक आठवडे चालतो, कारण बहुतेक वेळ तो झोपलेला असतो. मग संदेश आल्याचं त्याला कळतं कसं? इथली युक्ती मला फार आवडते.

पेजरची सर्वांत रूढ भाषा म्हणजे पॉकसॅग. तिच्यात संदेश लोकल गाडीसारखे येतात. आधी इंजिन, म्हणजे वेळ जुळवणारा खुणेचा शब्द, आणि मागे आठ डबे. प्रत्येक पेजरला क्रमांक असतो. त्याला ८ने भागा, जी बाकी उरेल तो तुमचा डबा. पेजर इंजिन ओळखतो, डोळे मिटतो आणि नेमका आपला डबा समोर येताना जागा होतो. सेकंदाला १२०० बिट या वेगाने अख्खी गाडी अर्ध्या सेकंदाच्या आत जाते, त्याचा डबा तर जेमतेम ५३ मिलिसेकंदांत.

शिवाय डब्यावरूनच बाकी कळते, म्हणून २१ बिटांच्या क्रमांकातले शेवटचे तीन पाठवावेच लागत नाहीत. ३२ बिटांच्या पत्त्याच्या शब्दात १ बिट ‘हा पत्ता आहे’ हे सांगणारा, १८ पत्त्याचे, २ संदेशाच्या प्रकाराचे, १० चूक दुरुस्तीचे आणि १ पडताळणीचा (पॅरिटी). वाटेत दोन बिट बिघडले तरी मूळ शब्द परत मिळतो!

पण पेजर फक्त ऐकतो, बोलत नाही. पहाटे तीनला भाची एका आजोबांच्या हाताला सुई लावत असते आणि ब्लीप वाजतो. पडद्यावर वॉर्डच्या फोनचे चार आकडे. वॉर्ड कळतो, पण काम सलाइनचं की रक्तदाब कोसळल्याचं, ते कळत नाही. हात मोकळे झाल्यावर ती फोन लावते, तर लाइन एंगेज. पलीकडे नर्सलाही कळत नाही, की निरोप पोचला की नाही.

यासाठी दुहेरी संदेशाची अ‍ॅप्स खरोखर हवीत: रुग्णाचा बेड, निकड, ‘पाहिलं’ची खूण आणि उत्तर न आल्यास आपोआप दुसऱ्या डॉक्टरला निरोप. मात्र अ‍ॅप घेतलं की पेजर लगेच फेकून द्या, हा विक्रेत्यांचा आग्रह मला धोक्याचा वाटतो. वायफाय बंद पडलं तर काय, हे आधी विचारा. हृदय थांबलं की तिथे २२२२ फिरवतात आणि ऑपरेटरचा आवाज धावून जाणाऱ्या अख्ख्या पथकाच्या ब्लीपवर एकाच वेळी उमटतो. कुणी लॉगिन केलंय का, हा प्रश्नच नाही.

या ब्लीपला उत्तर देता येत नाही, म्हणून रोज सकाळी ऑपरेटर चाचणीचा निरोप सोडतो. मग पथकातला एकेक डॉक्टर स्विचबोर्डला फोन करून सांगतो, ‘मिळाला.’ ज्याचा फोन येत नाही, त्याला ऑपरेटर शोधत बसतो.