नोड नेमका कुठे आहे? एका प्रश्नाची पार्श्वभूमी

जंगलात विखुरलेल्या शेकडो नोडांपैकी, म्हणजे मोजलेले रेडिओवरून कळवणाऱ्या छोट्या सेन्सर यंत्रांपैकी, एकाने तापमान अचानक चढल्याचे कळवले. पण तो नोड जंगलाच्या कुठल्या भागात आहे हेच माहीत नसेल, तर आग विझवायला जायचे कुठे?

१९८०च्या सुमारास अमेरिकेच्या 'डार्पा' या संरक्षण संशोधन संस्थेने विखुरलेल्या सेन्सरांच्या जाळ्यांवर संशोधन चालवले, तेव्हा हा प्रश्न फारसा टोचत नव्हता. यंत्रे अवजड होती, थोडी होती आणि माणसांनीच जागा ठरवून मांडलेली होती. १९९०च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात क्रिस्टोफर पिस्टर यांच्या 'स्मार्ट डस्ट' प्रकल्पाने मिलिमीटरभर आकाराच्या नोडांचे स्वप्न पाहिले, आणि चित्र पालटले. धुळीसारखे उधळलेले नोड एकेक शोधून त्यांच्या जागा कोण टिपणार? जीपीएस १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झाले होते, पण प्रत्येक नोडवर त्याचा रिसीव्हर बसवणे ना खिशाला परवडत होते ना बॅटरीला. छताखाली तर तो बहुधा कुचकामीच.

म्हणून मोजक्याच नोडांना त्यांची जागा सांगून ठेवायची आणि बाकीच्यांनी त्यांच्या आधाराने स्वतःची काढायची, ही वाट रुळली. जागा ठाऊक असलेल्या या नोडांना अँकर म्हणतात. पण अँकरपासूनचे अंतर मोजायचे कसे? लहरीला लागलेल्या वेळावरून काढावे, तर रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकले तर ३०० मीटरचा घोळ. एमआयटीच्या 'क्रिकेट' प्रणालीने २००० मध्ये यावर सुरेख तोड वापरली. रेडिओ आणि अल्ट्रासाउंड (कानाला ऐकू न येणारा ध्वनी) एकदमच सोडायचे आणि दोन्ही पोहोचण्यातला फरक मोजायचा. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने येतो यावरून आपण अंतर ताडतो, तसेच हे. सिग्नलच्या तीव्रतेवरून अंतर काढणे त्याहून स्वस्त, पण भिंती आणि झाडे ती तीव्रता बेभरवशाची करून टाकतात.

मला सर्वांत धाडसी वाटते ती रटगर्स विद्यापीठातल्या निकुलेस्कू आणि नाथ यांची २००१ची 'डीव्ही-हॉप' पद्धत. त्यांनी शेजाऱ्यांमधले अंतर मोजणेच सोडून दिले आणि संदेश एका नोडवरून दुसऱ्यावर किती उड्या, म्हणजे हॉप, मारत आला तेवढे मोजले. दोन अँकरांमध्ये १०० मीटर आणि ५ हॉप असतील, तर एक हॉप सरासरी २० मीटरचा. मग ३ हॉपांवरचा नोड साधारण ६० मीटरवर. अशी तीन अँकरांपासूनची अंतरे हाती आली की सपाट जमिनीवरची जागा निघते. मात्र जाळे एखाद्या तळ्याला वळसा घालून पसरले असेल, तर हॉपही वळसा घेतात आणि अंतर फुगते.

अंतरे बिनचूक असली तरी पुरतात का, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला. पुलांच्या कैच्या, म्हणजे दांड्या जोडून केलेले सांगाडे, कधी ताठ राहतात आणि कधी डगमगतात, याचे गणित जुनेच होते. २००४ मध्ये ते सेन्सर जाळ्यांना लावून दाखवले गेले: नोड म्हणजे सांधे, ठाऊक अंतरे म्हणजे दांड्या. सपाट जागेत दोनच शेजाऱ्यांपासूनची अंतरे ठाऊक असलेला नोड त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या अलीकडे असू शकतो किंवा आरशातल्या प्रतिमेसारखा पलीकडे, आणि दोन्हीकडे अंतरे तंतोतंत तीच भरतात.