आवाज थांबले, पण मुलगा उठेना

“आता एकटाच बडबडत नाही, कुणावर धावून जात नाही. पण दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलेला असतो. अंघोळ कर म्हटलं तरी उठत नाही.” स्किझोफ्रेनियाचा दहा-बारा वर्षांचा जुना आजार असलेल्या तरुणाला घेऊन कोरेगाव-पाटणकडून साताऱ्याला येणाऱ्या आईबापांची तक्रार साधारण अशी असते. गावाचं निदान त्याहून थोडक्यात आटोपतं: बसून खायची सवय लागलीय. उपायही ठरलेला: लग्न लावून द्या, अंगावर पडलं की सुधारेल. (ज्या मुलीच्या गळ्यात हा उपाय पडणार, तिला कुणी विचारत नाही.)

हे पडून राहणं हा आजाराचाच भाग आहे, आणि पुरुषांत तो जास्त जड जातो. पुरुषांमध्ये स्किझोफ्रेनिया बहुधा अठरा ते पंचवीसच्या दरम्यान सुरू होतो, बायकांमध्ये सरासरी काही वर्षं उशिरा. म्हणजे कॉलेज, आयटीआय, पहिली नोकरी, सगळं नेमकं हातात येण्याच्या वयात निसटतं. जे शिकलंच नाही, ते बरं झाल्यावर परत कुठून आणणार?

आजाराची लक्षणं ढोबळमानाने दोन प्रकारची. कानात आवाज येणं, कुणीतरी करणी केलीय किंवा आपल्यावर पाळत ठेवतंय अशी पक्की खात्री असणं, ही एक बाजू. ती सगळ्यांना दिसते, त्यामुळे देवऋषी असो की डॉक्टर, माणूस तिच्यापायीच कुणाकडे तरी नेला जातो. दुसरी बाजू उणेपणाची: बोलणं तुटक होतं, चेहरा निर्विकार होतो, माणसं नकोशी होतात, कशाची ओढ उरत नाही.

ओढ नसणं म्हणजे नेमकं काय, यावर गेल्या वीसेक वर्षांत चांगलं संशोधन झालंय. प्रयोगशाळेत या रुग्णांसमोर आनंद देणारी गोष्ट ठेवली, की त्या क्षणी त्यांना ती इतरांच्या जवळपास तेवढीच आवडते. गडबड होते ती त्याच्या आधी. मटणाचा रस्सा ताटात पडला तर तो आवडीने खाईल. पण ‘आज मटण आहे, उठू या, हातपाय धुऊ या’ हा हिशेब मेंदूत जुळत नाही. पुढे मिळणाऱ्या सुखाचं चित्र डोळ्यांसमोर आणणं आणि त्यासाठी कष्ट घेणं, ही साखळी मधेच तुटते. आळशी माणसाला आवडीच्या कामासाठी पाय फुटतात. याला तिथेही फुटत नाहीत.

औषधांचा इतिहास १९५२ पासून सुरू होतो. पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन दिल्यावर अनेक रुग्ण शांत झाले, त्यांचे भास ओसरले. तेव्हापासून आलेली जवळपास सगळी औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची एक ठरावीक जागा अडवून काम करतात. ती उपयोगी आहेत यात वाद नाही. २०१२ साली ६५ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला: औषध चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला, बंद केलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. ‘आता बरा आहे, गोळ्या कशाला’ म्हणणाऱ्या घरांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. पण ही औषधं आवाज थांबवतात. ओढ परत आणण्यात ती तोकडी पडतात.

कधीकधी तर औषधच घोळ घालतं. काही गोळ्यांनी अंग ताठरतं, चेहऱ्याचे स्नायू हलेनासे होतात, चालताना हात झुलत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला ते उदासीनतेसारखंच दिसतं. म्हणून चांगला डॉक्टर मनगट हलवून बघतो, दारापासून खुर्चीपर्यंतची चाल बघतो, मगच ठरवतो की हा आजार आहे, नैराश्य आहे, की डोस जास्त झालाय. पाच मिनिटांच्या ओपीडीत हे राहून जातं.

दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसात, पुरेसे दिवस देऊनही आवाज थांबत नसतील, तर क्लोझापिन. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधाने पांढऱ्या पेशी घटून काही रुग्ण दगावले आणि ते मागे पडलं. मग १९८८ मध्ये अमेरिकेतल्या २६८ हट्टी आजाराच्या रुग्णांवर चाचणी झाली. सहा आठवड्यांत क्लोझापिनने ३० टक्के रुग्ण सुधारले, क्लोरप्रोमाझिनने फक्त ४. तेव्हापासून ते परत आलं, नियमित रक्त तपासण्याच्या अटीवर.

इथे आपल्याकडच्या पुरुषांसाठी तंबाखूचा मुद्दा महत्त्वाचा. बिडी-सिगारेटच्या धुरातल्या घटकांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात चालतं आणि क्लोझापिन किंवा ओलान्झापिन हे याच आजारावरचं दुसरं औषध शरीरातून लवकर निघून जातं. त्यामुळे बिडी ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. तोच माणूस दवाखान्यात भरती झाला आणि बिडी सुटली, की त्याच डोसात रक्तातलं औषध आठवड्याभरात वाढतं आणि तो गुंगीत जातो. हा परिणाम निकोटिनचा नाही, धुराचा आहे. म्हणजे चुना लावून तंबाखू मळणाऱ्याला हा हिशेब लागू नाही. तोंडाच्या कॅन्सरचा मात्र लागू आहे. डॉक्टर ‘व्यसन आहे का’ विचारतात आणि घरचे ‘तंबाखू’ म्हणून मोकळे होतात. ओढतो की मळतो, हे सांगायला हवं.

आता साताऱ्याकडे येऊ. गोळ्यांच्या पलीकडे काय करता येईल, याची भारतातली एक मोठी चाचणी जिथे झाली त्या तीन ठिकाणांपैकी एक सातारा. बाकीची गोवा आणि तामिळनाडू. २०१४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष छापून आले, लेखकांत साताऱ्याचे डॉ. हमीद दाभोलकरही आहेत. एकूण २८२ रुग्ण, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. ९५ जणांना दवाखान्यातले नेहमीचे उपचार. १८७ जणांना त्याच्या जोडीला प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या घरभेटी. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. घरच्यांना आजार समजावणं, गोळ्या चुकू न देणं, रोजची कामं परत अंगवळणी पाडणं, लोकलाजेवर बोलणं, हे त्यांचं काम. रोजचं काम म्हणजे, समजा, सकाळी डेअरीला दूध घालून येणं. आधी नुसतं उठून किटली धुवायची. ते जमलं की आईबरोबर डेअरीपर्यंत जायचं. एकट्याने जायचं ते नंतर.

वर्षानंतर काय दिसलं? लक्षणं मोजायला पॅन्स ही मोजपट्टी वापरली होती. तीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते सात गुण. (त्यामुळे ठणठणीत माणसालाही तीस गुण मिळतात, शून्य नाही.) दोन गटांत ३.७५ गुणांचा फरक पडला, पण तो निव्वळ योगायोग नाही असं ठामपणे म्हणता येईल इतका नव्हता. आयडियाज या भारतीय मोजपट्टीवर मात्र ठोस फरक दिसला. ती माणूस काय करू शकतो ते बघते: स्वतःची निगा, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं, काम. फरक मोठा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. आणि लक्षणं वीस टक्क्यांहून जास्त कमी झालेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं. चमत्कार म्हणून हा निकाल विकता येणार नाही. तरी मला तो मोलाचा वाटतो, कारण गोळी जिथे थांबते नेमक्या तिथे तो थोडा पुढे सरकलाय.

ही आयडियाज मोजपट्टी संशोधनापुरती नाही. मनोविकारामुळे येणाऱ्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र तिच्यावरूनच ठरतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. केसपेपरवर वर्षानुवर्षं ‘आवाज नाहीत, झोप बरी’ एवढंच लिहिलं असेल, तर प्रमाणपत्राच्या दिवशी सांगायला पुरावा उरत नाही. पुढच्या तारखेला जाताना तो किती दिवसांनी अंघोळ करतो, घराबाहेर किती पडतो, शेवटचं काम कधी केलं, हे कागदावर लिहून न्यावं आणि डॉक्टरांना केसपेपरवर चढवायला सांगावं.