चालू डिरेक्टरी नेमकी कोणाची?

विमसारख्या एडिटरमध्येच टर्मिनल उघडून काम करणाऱ्या अनेकांचा असा समज असतो, की शेलमध्ये, म्हणजे टंकलेल्या आज्ञा पाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ‘सीडी’ ही डिरेक्टरी (फोल्डर) बदलण्याची आज्ञा देऊन आपण दुसऱ्या डिरेक्टरीत गेलो म्हणजे एडिटरही आपल्याबरोबर तिथे आला. मग ते एडिटरमध्ये ‘नोंदी’ एवढेच नाव देऊन फाइल जतन करतात, शेलमध्ये फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ ही आज्ञा देतात आणि फाइल दिसत नाही. ती हरवलेली नसते, आधीच्याच डिरेक्टरीत जाऊन बसलेली असते.

चालू डिरेक्टरी ही संगणकाची किंवा पडद्यावरच्या खिडकीची नसतेच. युनिक्स आणि लिनक्समध्ये ती प्रत्येक प्रोसेसच्या (चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या) नावे कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, दप्तरी नोंदलेली असते आणि पूर्ण मार्ग न देता नुसते नाव दिले, की कर्नल त्या नोंदीपासून शोध सुरू करतो. नवी प्रोसेस ‘फोर्क’ या सिस्टिम कॉलने (कर्नलला केलेल्या विनंतीने) जन्मते, तेव्हा तिला या नोंदीची प्रत मिळते. एडिटरने शेल सुरू केले त्या क्षणी दोघांची डिरेक्टरी एकसारखी असते, पण सामाईक नसते. पुढे शेलने केलेला बदल शेलच्याच प्रतीत होतो.

या यंत्रणेचे मर्म उलगडणारी एक हकिकत युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांनी नोंदवून ठेवली आहे. पीडीपी-7 या यंत्रावरील युनिक्समध्ये फोर्क आला, तेव्हा डिरेक्टरी बदलण्याची आज्ञा एकाएकी चालेनाशी झाली. ती आज्ञा म्हणजे एक स्वतंत्र प्रोग्रॅम होता. आता तो शेलने जन्माला घातलेल्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालत होता, स्वतःची डिरेक्टरी बिनचूक बदलत होता आणि संपत होता, शेल मात्र होते तिथेच राहत होते. म्हणून ही आज्ञा शेललाच स्वतः पाळावी लागली आणि आजही ‘सीडी’ शेलच्या पोटातच असते.

‘सगळे बंद करून पुन्हा सुरू केले की जमते’ या तोडग्यात काहीही गूढ नाही. त्या वेळी फक्त नवी प्रत निघते. दोन्ही डिरेक्टऱ्या आपोआप जुळवण्याची ग्वाही देणारी प्लगइनेही (एडिटरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) नोंद सामाईक करत नाहीत, ती निरोप पोहोचवतात. शेल प्रत्येक प्रॉम्प्टपूर्वी (पुढची आज्ञा मागणाऱ्या खुणेपूर्वी) आपला मार्ग एका अदृश्य एस्केप-संकेतात, म्हणजे पडद्यावर न दिसणाऱ्या अक्षरक्रमात, गुंडाळून पाठवू शकते आणि एडिटर तो वाचून स्वतःची डिरेक्टरी बदलू शकतो. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमधील शेल-पद्धत आपण टंकलेल्या ‘सीडी’वर लक्ष ठेवते; त्यामुळे तीच आज्ञा एखाद्या शेल-फंक्शनच्या (एका नावाखाली बांधलेल्या आज्ञांच्या) आत दडली असेल, तर तिचा अंदाज चुकतो. लिनक्समध्ये कर्नलच्या नोंदी फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या ‘प्रॉक’ या फाइलप्रणालीतून शेलची नोंद थेट वाचता येते, आणि मला हाच मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो.

उलट दिशेचे काम मात्र अवघड आहे. शेलची नोंद बदलण्यासाठी एडिटरला सहसा ‘सीडी’ हा मजकूर शेलच्या तोंडी टंकावा लागतो, आणि त्या क्षणी शेलमध्ये दुसरा प्रोग्रॅम चालू असेल, तर तो मजकूर त्या प्रोग्रॅमच्या हाती पडतो.